म्हाताऱ्या मांजरीची स्वच्छता कशी ठेवावी? (पावसाळा, कोकण)

सुरंगी

नमस्कार मंडळी. आमची ठकी १५ वर्षांची आहे. गुहागरजवळ खाडीकाठी घर, आजूबाजूला नारळी-पोफळी, त्यामुळे जून ते सप्टेंबर घरातलं काहीच धड सुकत नाही, आणि आता ठकीही सुकत नाही. पूर्वी अंग चाटून लख्ख ठेवायची. हल्ली तोंड आणि पुढचे पाय तेवढे चाटते. पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी केसांच्या घट्ट गुठळ्या झाल्यात, शी मागच्या केसांना लागून राहते, अंगाला कुबट वास येतो. नखं फरशीवर टकटक वाजतात.

आंघोळ घालू का? गुठळ्या कापू का? शेजारच्या काकू म्हणतात करंजेल चोळ, पिसवाही जातील. सासूबाईंचं म्हणणं, वय झालं, आता असंच चालायचं. मला तिला तसं सोडवत नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

चिरेबंदी

करंजेल नको. मांजराच्या अंगाला जे लावाल ते चाटून तिच्या पोटात जातं. शिवाय आपलं यकृत जी द्रव्यं सहज निकामी करतं त्यातली बरीच मांजराच्या यकृताला जमत नाहीत, म्हणून निलगिरी तेल, टी ट्री तेल, कापूर, डांबरगोळ्या, डेटॉल यातलं काहीच तिच्याजवळ नेऊ नका. फिनेलने लादी पुसली असेल तर ती पूर्ण कोरडी होईपर्यंत ठकीला त्या खोलीत सोडू नका, पंज्यांना लागलेलं ती चाटणारच. पिसवांसाठी कुत्र्याचं मानेवर सोडायचं औषध तर कधीच नाही. त्यात बहुधा परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात आणि जीवही जातो. मांजरासाठीचं वेगळं औषध मिळतं, ते डॉक्टरांना विचारून, वजन सांगून घ्या.

आता मुख्य गोष्ट. ठकीने पाठ चाटणं सोडलंय त्यामागे बहुतेक दुखणं आहे. पाठीपर्यंत आणि मागे तोंड न्यायला कणा वळावा लागतो, आणि नेमकं तेच तिला जमत नसणार. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तर ९० जणींच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. उंचावर उडी मारणं सोडतं आणि चाटणं कमी करतं. दात-हिरड्या दुखत असतील तरी हेच होतं. पाणी जास्त पीत असेल, वजन उतरत असेल, तर मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी हवी. सासूबाईंना हे जरूर सांगा, कारण दुखणं कमी केलं तर पुष्कळ मांजरं पुन्हा स्वतःला चाटू लागतात. फक्त आपल्या घरातली गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे.

गुठळ्यांना कात्री लावू नका, अगदी बोथट टोकाचीसुद्धा. म्हाताऱ्या मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गुठळी ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर येते, आणि केस समजून आपण कातडी कापतो. लहान गुठळीवर थोडं कॉर्नफ्लॉवर चोळा. मग गुठळीच्या मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा, म्हणजे ताण कातडीवर येणार नाही. बोटांनी गुठळी हळूहळू फाकवा आणि रुंद दातांची फणी टोकाकडून सुरू करून थोडी थोडी मुळाकडे न्या. एका बैठकीला एकच गुठळी, तीही ती खुशीत असेपर्यंत. शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले की थांबायचं. बिनमिठाचा उकडलेला माशाचा तुकडा जवळ ठेवा. जी गुठळी कातडीला चिकटून पापडासारखी कडक झालीय तिला हात लावू नका, ती डॉक्टर मशीनने काढतील.

आंघोळीची गरज सहसा पडत नाही. मऊ कापड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि केसांच्या दिशेने पुसा. लगेच कोरड्या पंचाने टिपा, चोळू नका. दमट हवेत हे टिपणंच सर्वात महत्त्वाचं. केस ओलसर राहिले की बुरशी धरते. कुठे गोल चट्टा पडून केस गेलेले दिसले तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते घरातल्या माणसांनाही होतं, तेव्हा त्या दिवसापासून तिचं अंथरूण वेगळं धुवा.

बकुळ

चिरेबंदींनी सविस्तर लिहिलंच आहे. मी फक्त मागच्या बाजूबद्दल लिहिते, कारण पावसाळ्यात जीवावर बेततं ते तिथेच. शी लागलेले ओले केस असले की माशा अंडी घालतात आणि फार लवकर अळ्या पडतात. म्हातारं मांजर त्या झटकू शकत नाही. म्हणून रोज सकाळी शेपटी उचलून बघाच. तिथले आणि मांडीच्या आतले केस दवाखान्यातून आखूड करून घ्या, मग नुसत्या ओल्या कापसानेही साफ होतं. अळ्या दिसल्या तर घरी काही टाकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळ्यांना चिपडं येत असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

सुरंगी

खूप आभार, एवढं कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आज कापडाने पुसलं, पाठ पुसून देते पण कमरेपाशी हात गेला की गुरगुरते. उडीचं म्हणाल तर ओटीवरच्या झोपाळ्यावर चढणं तिने कधीच सोडलंय, माझ्या लक्षात आत्ता येतंय. आणि पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं नख वळून पंजाच्या गादीला टेकलंय. ते मी कापू?

भरतीओहोटी

आमच्या घराकय म्हातारी भाटी (मांजर) होती. हागाची जागा सुदारा आधी. उंच काठाच्या टबात तिका चढाक जमणा नाय, मगे ती कडेकच बसता आणि आंग भरून घेता. जुन्या प्लास्टिकच्या टबाची एक बाजू खाली कापून घेवा, आत भाताचा तूस घाला. चुलीतली राख नको, ओली झाली की पायांका चिकटता आणि पाय ती चाटता. गोचीड दिसली तर चिमट्यान काढा, हातान चिरडू नकात. आमच्या दोडामार्गात माकडताप गोचिडींमुळेच पसरता.

चिरेबंदी

कमरेपाशी गुरगुरते म्हणजे तिथे दुखतंय, ती जागा सध्या सोडा. गादीला टेकलेलं नख डॉक्टरांकडेच कापा, आत रुतलं असेल तर जखम धुवावी लागते. बाकीची नखं तुम्ही कापू शकता: पंजाची गादी हलकी दाबली की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग सोडून फक्त टोक उडवायचं. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात आणि घासली जात नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा तरी बघत जा.

सुरंगी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशीच असतात. तिथे नेऊन उपयोग होईल का?

बकुळ

नेण्याआधी फोन करून विचारा, रक्ततपासणी होते का आणि मांजराची भूल देण्याची सोय आहे का. नसेल तर चिपळूण किंवा रत्नागिरीत पाळीव प्राण्यांचे खाजगी डॉक्टर शोधा. मुंबईला कुणी जाणारं असेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण या वयात इतका प्रवास शक्यतो टाळाच.

आणि जाण्याआधी घरी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा: ठकी पायरी कशी चढते, बसताना मागचे पाय कसे ठेवते, टबात कशी जाते. दवाखान्यात मांजर घाबरून गोळा होऊन बसतं, डॉक्टरांना चाल दिसतच नाही. झाकणाच्या टोपलीत तिच्याच अंथरुणाचा तुकडा घाला आणि वरून पंचा टाका.