लॅपटॉपला नवी एसएसडी बसवली, आता विंडोज की लिनक्स?

वळचण:
नमस्कार मंडळी. लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करत शेवटी गेलीच. ५१२ जीबीची साटा एसएसडी बसवून आणली, पण ती कोरी आहे. मशीन आय५, सातव्या पिढीचं, रॅम ८ जीबी. घेतानाच त्यात विंडोज १० होम होतं. दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्क बदलली म्हणजे लायसन्स गेलं, नवी की (अ‍ॅक्टिव्हेशनचा कोड) घ्या. खरं का? आणि टाकू काय: १०, ११ की लिनक्स? वापर साधाच आहे. ब्राउझर, मराठी टायपिंग, थोडं एक्सेल. विंडोजवाला दुसरा लॅपटॉप उसना मिळतोय.

उंबरठा:
की अजिबात घेऊ नका! कंपनीतूनच विंडोज १० घालून आलेल्या मशीनची की मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये असते, डिस्कशी तिचा संबंध नाही. सेटअप ती आपली आपण उचलतो. विचारलीच, तर 'की नाही' निवडून पुढे जा आणि होमच टाका. प्रो टाकलंत तर त्या कीवर अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही. दुरुस्तीवाले हौसेने प्रो टाकून देतात आणि मग कीचा विषय काढतात, हे नेहमीचंच.

निळीशाई:
लायसन्सबद्दल +१. पण १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, पण तीही कायमची नाही. ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. रुफस या पेन ड्राइव्ह बनवायच्या मोफत प्रोग्रॅमने ती तपासणी टाळता येते, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. माझं मत लिनक्सचीच एक आवृत्ती, लिनक्स मिंट. आधी पेन ड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवा, एसएसडीला हात न लावता वायफाय, आवाज, टचपॅड सगळं तपासता येतं. मराठीसाठी आयबसमध्ये (लिनक्सवरची टायपिंगची सोय) इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आहेत.

खुंटी:
काहीही टाका, पण उसन्या लॅपटॉपवर आधी तुमच्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर उतरवून ठेवा. विंडोज बसतं आणि नेटच नसतं, मग ड्रायव्हर आणायचा कुठून? अडलंच तर फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरा (टेदरिंग), बहुतेक वेळा चालतं. सेटअपसाठी पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. पार्टिशनच्या स्क्रीनवर काही कोरत बसू नका, रिकामी जागा निवडून नेक्स्ट. पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह काढा, नाहीतर सेटअप कधीकधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

(इतर वाचकांसाठी: इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब नसते, व्हीएमडीचा, म्हणजे इंटेलच्या डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर 'लोड ड्रायव्हर'मधून द्यावा लागतो.)

वळचण:
सगळ्यांचे आभार, कीचे पैसे वाचले. जुन्या डिस्कवर फोटो आहेत. यूएसबी केसमध्ये घालून जोडली तर विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' विचारतंय.

खुंटी:
नाही म्हणा! चेकडिस्कही (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका, मरणाऱ्या डिस्कवर तो ताण असतो. पुन्हापुन्हा जोडून बघणंही थांबवा. मिंट लाइव्हमधून उघडली तर आधी फोटो, मग बाकीचं. उघडली नाही तर डीडीरेस्क्यू या लिनक्सच्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत काढा आणि शोधाशोध त्या इमेजवर करा. टकटक अजून येत असेल तर तेही नको, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

वळचण:
मिंट लाइव्हमध्ये डिस्क उघडली, फोटो निघाले. वायफायही लगेच आलं. पण ऑफिसच्या एक्सेल फाइलमधले मॅक्रो (आपोआप कामं करणाऱ्या आज्ञा) मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये नीट चालत नाहीत.

निळीशाई:
मग दोन्ही ठेवा. आधी विंडोज १०, मग मिंट. उलट केलंत तर विंडोज बूटचा क्रम स्वतःकडे ओढून घेतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आक्रसून १०० जीबी रिकामी सोडा, मिंटचा इन्स्टॉलर 'शेजारी बसवा' असा पर्याय देईल. विंडोज फक्त मॅक्रोपुरतं उघडा, बँकेची कामं मिंटमधूनच करा.