नातू बिशोफ्तूत आहे की देब्रे झेइतमध्ये?

मिरजेची_माधवी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबच्या मुलखाचा आहे, पण इथे जग फिरून आलेली माणसं बरीच आहेत म्हणून विचारते.

माझा धाकटा भाऊ मार्चपासून इथिओपियात गुलाबाच्या फार्मवर कामाला आहे. तासगावकडे चार वर्षं पॉलिहाऊसमध्ये जरबेरा केला, त्या अनुभवावर लागला. नेमणुकीच्या पत्रावर गावाचं नाव देब्रे झेइत. फोनवरून लोकेशन पाठवतो त्यात बिशोफ्तू. आमची आजी (वय ८६, माहेर कवठे एकंद) हे ऐकत बसली होती. तिनं पक्कं धरलंय की पोरानं नोकरी सोडली, दुसऱ्या गावाला गेला आणि घरात कुणी तिला सांगत नाही.

तिला नावाचा अर्थ लागल्याशिवाय गाव पटत नाही. कवठे म्हणजे कवठाची झाडं, चिंचणी म्हणजे चिंचा, बोरगाव म्हणजे बोरी. "नावाचा अर्थ सांग, मग पोरगं कसल्या जागेत पडलंय ते मी सांगते," म्हणते. भावाला विचारलं तर म्हणाला, "इथं निम्म्या गावांना दोन-दोन नावं आहेत ताई, आणि मला पहाटे चारला फुलं काढायची असतात." राजधानीलाही म्हणे अदिस अबाबाशिवाय दुसरं नाव आहे. कुणी नीट सांगेल का?

पळता_सातारकर

अदिस अबाबा म्हणजे नवीन फूल. अदिस नवीन, अबाबा फूल. हे मला ठाऊक कारण अबेबे बिकिला. १९६० ला रोममध्ये अनवाणी पळून मॅरेथॉन मारली, १९६४ ला टोकियोत परत. अबेबे म्हणजे 'तो फुलला'. यवतेश्वराचा चढ चढताना दम लागला की मी याचंच नाव घेतो.

बाकी तिकडची सगळी नावं अम्हारिकच असणार, तीच त्यांची भाषा.

गणिताचे_मास्तर

सातारकर, पहिल्या परिच्छेदाला पूर्ण मार्क, दुसऱ्याला शून्य.

माधवीताई, आजींना आधी सांगा की नातू जागेवरच आहे. दोन्ही नावं एकाच गावाची. मी २००८ ते २०११ अदामाला गणित शिकवायला होतो. अदिसहून अदामाला जाताना बिशोफ्तू वाटेतच लागतं, राजधानीपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर.

बिशोफ्तू हे ओरोमो नाव, म्हणजे तिथल्या ओरोमो लोकांच्या भाषेतलं. ओरोमोत बिशान म्हणजे पाणी, आणि बिशोफ्तू म्हणजे पाणीच पाणी असलेली जागा. आजींच्या पद्धतीनं बघितलं तरी नाव खरं ठरतं, कारण गावात आणि गावाला लागून विझलेल्या ज्वालामुखींच्या तोंडात साठलेली तळी आहेत. होरा, बाबोगाया, कुरिफ्तू आणि खुद्द बिशोफ्तू. होरा हा शब्दही ओरोमोच. जमिनीतले क्षार उतरलेलं, जनावरांना मुद्दाम नेऊन पाजतात ते पाणी म्हणजे होरा. पाटीवर 'लेक होरा' वाचलं की मला 'सज्जनगड किल्ला' वाचल्यासारखं वाटायचं. पावसाळा सरला की सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला याच तळ्यावर इरीचा हा ओरोमो लोकांचा मोठा सण असतो. हातात ओलं गवत आणि पिवळी फुलं घेऊन लाखो माणसं पाण्यापाशी येतात, पाऊस दिल्याबद्दल वाकाचे, म्हणजे देवाचे, आभार मानतात. साधारण आपलं घट बसायच्या आसपास.

देब्रे झेइत हे नाव १९५५ मध्ये आलं, सम्राट हाइले सेलासींच्या राज्यात. देब्रे म्हणजे डोंगर, झेइत म्हणजे तेल. आपल्याकडे 'जैतून' म्हणतात तो याच घराण्यातला शब्द. जेरुसलेमजवळचा बायबलातला जैतुनाचा डोंगर, त्याचं नाव उचलून इथे बसवलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी सरकारी कागदावर पुन्हा बिशोफ्तू आलं. लेटरहेडं मात्र सावकाश बदलतात.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ओरोमोत रानजैतुनाला एजेर्सा म्हणतात. त्या झाडावरून नाव पडलेली गावं तिकडे ठिकठिकाणी आहेत, आपल्याकडे बोरगावं आहेत तशी. हाइले सेलासींचा जन्म १८९२ मध्ये हरारजवळच्या ज्या गावात झाला त्याचं नाव एजेर्सा गोरो. म्हणजे स्वतः जैतुनाच्या गावात जन्मलेला माणूस, आणि पाण्याच्या गावाला जैतुनाचं नाव द्यायला त्यानं ते जेरुसलेमहून आणलं! याच एजेर्साच्या लाकडाची धुरी देऊन तिकडे दुधाची भांडी तयार करतात. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा दूध करपलंय असं वाटलं. महिन्याभरानं साध्या दुधाला चवच लागेना.

राजधानीचं पण असंच. मेनेलिक दुसरा हा राजा एन्तोतोच्या डोंगरावर छावणी करून राहायचा. वर थंडी आणि वारा. राणी तायतू खाली गरम पाण्याच्या झऱ्यांवर स्नानाला यायची. तिला जागा आवडली, १८८६ मध्ये तिथे घर बांधायला घेतलं, आणि 'नवीन फूल' हे नाव तिनंच ठेवलं. पण तिथे आधीपासून ओरोमो राहत होते आणि ते त्या जागेला त्या झऱ्यांवरूनच फिनफिने म्हणत होते, आजही म्हणतात. झऱ्यांचं अम्हारिक नाव फिल्वोहा, म्हणजे उकळतं पाणी. कोकणात उन्हेरे, उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, तसलंच हे. एका जागेला कुणी पाण्यावरून हाक मारली, कुणी फुलावरून.

सातारकरांसाठी: अम्हारिक ही सेमिटिक भाषा, अरबी-हिब्रूची चुलत बहीण. ओरोमो ही कुशिटिक. दोन्हींचं मूळ कूळ एक, पण ओळख पटू नये इतकं अंतर. अम्हारिकची लिपी मात्र आपल्याला जवळची वाटेल. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं. आपण बाराखडी घोकतो, तिकडची पोरं सातखडी घोकतात. ओरोमो १९९१ पासून रोमन लिपीत लिहितात, आणि त्यात रोमन 'एक्स' अक्षराचा उच्चार घशात धक्का देऊन काढलेला 'ट'. हजेरी घेताना माझी जी फजिती झाली ती वेगळ्या धाग्यात सांगेन.

एक राहिलं. आजींना झाडांची आवड दिसते. ओरोमोत ओडा म्हणजे उंबराच्या जातीतलं एक मोठं झाड, फळं खोडाला लगडतात ती आपल्या उंबरासारखीच. जुन्या काळी त्याच्या सावलीत बसून ओरोमोंची पंचायत भरायची, कायदे व्हायचे. त्या पद्धतीला गडा म्हणतात, २०१६ मध्ये युनेस्कोनं तिची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. जिथे बैठक भरे त्या जागांची नावंच ओडा नाबे, ओडा बुल्तुम, ओडा रोबा अशी. ओरोमिया प्रांताच्या झेंड्यावर मधोमध हेच झाड आहे. आपलं उंब्रज घ्या, भिलवडीशेजारचं औदुंबर घ्या. मला परक्या देशात पहिल्यांदा घरचं काही वाटलं असेल तर ते हे.

विट्याचा_गलाईवाला

मास्तर राम राम. लई भारी लिवलंय. आमचं दुकान तमिळनाडूत, पाटीवर तिरुचिरापल्ली, बसवाला त्रिची म्हणतो आणि आमची आई अजून त्रिचनापल्लीच म्हणते. त्यामुळं दोन नावांचं नवल नाय.

पण मला सांगा, ह्यातलं खरं कुठलं? आणि सांगली म्हणजे सहा गल्ल्या हे खरं का? इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं तसलंच का हे तिकडचं?

व्यवस्थापक

ईश्वरपूरवर वेगळा धागा आहे. जे काय भांडायचं ते तिकडे.

गणिताचे_मास्तर

व्यवस्थापकांचा मान राखतो.

सहा गल्ल्यांबद्दल म्हणाल तर आयुष्यभर आकडे शिकवूनसुद्धा असल्या व्युत्पत्तीवर माझा विश्वास बसत नाही. नाव आधी असतं, गल्ल्या मागून मोजतात. साताऱ्याचंही तेच, कुणी सात दरवाजे सांगतो तर कुणी सात बुरूज. इथिओपियात मात्र आकड्यांची नावं सरळ आहेत. अरबा मिंच म्हणजे चाळीस झरे. झरे खरंच आहेत, चाळीस कुणी मोजले ठाऊक नाही. आणि तिथले मूळ लोक गामो भाषा बोलतात, नाव अम्हारिक! अदिसमध्ये अरात किलो आणि सिदिस्त किलो असे दोन मोठे चौक आहेत, अरात म्हणजे चार, सिदिस्त म्हणजे सहा, किलो म्हणजे किलोमीटर. आपल्या शंभर फुटी रोडच्या जातीचं नाव. बाजाराला मर्काटो म्हणतात ते इटालियन, १९३६ ते १९४१ त्यांनी देश बळकावला होता तेव्हाचं.

सगळीच अम्हारिक नावं वरून लादलेली असंही समजू नका. बाहिर दार म्हणजे पाण्याचा काठ, आणि गाव आहेच ताना सरोवराच्या काठावर. जवळच नाईलचा धबधबा आहे, तिस अबाय, नाईलचा धूर. ज्यानं नाव ठेवलं त्यानं लांबून तुषार उठताना बघितले होते, एवढं नक्की. अंबा म्हणजे कडे तुटलेला, माथा सपाट असा डोंगर. पाचगणीचं टेबललँड बघितलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गेशेन नावाच्या अंबावर राजे आपल्या भाऊबंदांना कैदेत ठेवायचे. साताऱ्याच्या किल्ल्यानं १७५० मध्ये छत्रपती रामराजांना असंच कैदेत पाहिलंच आहे.

देब्रेचं वळण मला नेहमी सज्जनगडाची आठवण करून द्यायचं. मूळ अर्थ डोंगर, पण मठ डोंगरावर असायचे, म्हणून देब्रे म्हणजेच मठ झालं. देब्रे लिबानोस, देब्रे बिरहान, सगळीकडे तेच. आपल्याकडे परळीच्या किल्ल्यावर समर्थ राहिले, सज्जनगड झाला, आणि आता साताऱ्यात कुणी "गडावर निघालोय" म्हणालं तर तो लढाईला निघालेला नसतो.

खरं नाव कुठलं, हा प्रश्न मी अदामाला पोचायच्या आधीच हरलो. नेमणूक अदामाला. अदिसच्या बसस्थानकावर बॅग घेऊन उभा. मिनीबसच्या कंडक्टरला तिकडे 'वयाला' म्हणतात. स्वारगेटला "सातारा सातारा" ओरडतात तसे ते वयाला "नाझ्रेत नाझ्रेत नाझ्रेत" ओरडत होते. माझ्यासमोर तीन गाड्या भरून गेल्या. चौथीच्या पोरानं माझ्या हातातला कागद ओढून वाचला, कपाळावर हात मारला आणि मला आत ढकललं. अदामा हे ओरोमो नाव, अदामी या निवडुंगासारख्या झाडावरून पडलं असं सांगतात. नाझ्रेत म्हणजे येशूचं नाझरेथ, तेही हाइले सेलासींनी दिलेलं. २००० मध्ये अधिकृतपणे परत अदामा झालं. आठ वर्षांनी मी गेलो तरी वयालाच्या तोंडात नाझ्रेतच.

आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी होता, जातीचा ओरोमो. त्याच्या जन्मदाखल्यावर नाझ्रेत. घरी आईशी बोलताना अदामा म्हणायचा, मिनीबसमध्ये नाझ्रेत, आणि फॉर्मवर विचारून लिहायचा की कुठलं लिहू. त्याला मी तुमचाच प्रश्न विचारला होता. म्हणाला, अदामा माझ्या आजोबांचं आहे आणि नाझ्रेत माझ्या शाळेचं. १७०० मध्ये औरंगजेबानं साताऱ्याचा किल्ला घेऊन आझमतारा नाव दिलं, ते थोड्या वर्षांत गेलं, कारण त्या नावानिशी शाळेत जाऊन कुणी मोठं झालं नव्हतं. नाझ्रेतमध्ये दोन पिढ्या वाढल्या.

तरी मला विचाराल तर मी अदामा आणि बिशोफ्तूच लिहितो. जिथलं मीठ खाल्लं तिथल्या जुन्या माणसांचा शब्द. पण वयालाला नाझ्रेतच सांगतो, नाहीतर चौथी गाडीही जाते.

मिरजेची_माधवी

मास्तर, सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. पाण्याचं गाव म्हटल्यावर आजीचा चेहरा सुटला. "मग पोरगं उपाशी मरत नाही," म्हणाली. देब्रे झेइतचं नाव तिनं निकालात काढलं, जिथं झाड नाही तिथं झाडाचं नाव कशाला. उंबराचं ऐकून भावाला फोन लावायला लावला. त्यानं रविवारी तळ्यावर जाऊन एका मोठ्या झाडाचा फोटो पाठवला. ते ओडाच आहे की दुसरं काही, त्याला सांगता येईना. आजीनं फोटोला नमस्कार करून टाकलाय.

डिंकाच्या लाडवाचा डबा पाठवतोय, त्यावर मी दोन्ही नावं लिहिली, वर बिशोफ्तू, खाली देब्रे झेइत.

आता तिचा नवीन प्रश्न. धुरी दिलेल्या भांड्यात दूध नासत नाही का? उत्तर आल्याशिवाय जेवायला बसत नाही म्हणते.

गणिताचे_मास्तर

नासत नाही, उलट जास्त टिकतं. बसवा जेवायला.