कॅरिबियन वस्त्यांमधली दुकानं: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, गेल्या शनिवारी न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या लिबर्टी ॲव्हेन्यूवर भटकून आले. ए ट्रेनचं लेफर्ट्स बुलेवार्ड हे शेवटचं स्टेशन. (पाटी बघून चढा, काही गाड्या रॉकअवेकडे वळतात. मी वळले.) जिना उतरलं की डोक्यावर रुळांचा खडखडाट आणि खाली गयाना-त्रिनिदादच्या लोकांची दुकानं: बेकरीत पाइन टार्ट, पलीकडे साड्या, त्यापलीकडे पूजासाहित्य. आतल्या गल्ल्यांत घरांपुढे बांबूवर लाल-पिवळी निशाणं. त्यांना ते झंडीच म्हणतात.

ऊसमळ्यांवर राबायला गिरमिटियांना, म्हणजे करारावरच्या भारतीय मजुरांना, गयानात १८३८ पासून, त्रिनिदादला १८४५ पासून नेलं. बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांच्या वंशजांची ही पेठ. किराणा दुकानात जिऱ्याला 'गीरा' आणि चवळीच्या हातभर लांब शेंगांना 'बोरा'. काउंटरवरच्या मावशींशी मी उत्साहाने हिंदीत सुरू झाले, तर त्या हसून इंग्रजीत म्हणाल्या, हिंदी आम्हाला भजनापुरतंच येतं.

एक काळी बाटली काकवी समजून उचलली. ते निघालं कॅसरीप, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रस आटवून केलेला अर्क. गयानात नाताळला पेपरपॉट नावाचा मांसाचा रस्सा करतात, त्यात घालायचा. पोळीशी खाऊन पाहिलाच, आता बाटली कुणाला हवी आहे का?

तुम्हीही लिहा.

*

डबल्स खाल्ले नाहीत? मग गेलात कशाला! हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या 'बारा', त्यावर छोल्यांची पातळ उसळ, काकडी, चिंचेची चटणी. कागदात गुंडाळून देतात, उभ्याउभ्या खायचे. गाडीवाला विचारतो, "पेपर?" मला वाटलं मिरपूड. म्हटलं, भरपूर घाल. ती स्कॉच बॉनेट मिरचीची चटणी होती. कोल्हापूरचा असल्याचा माज पहिल्या घासालाच उतरला. 'स्लाइट' म्हणायचं, एवढं लक्षात ठेवा.

*

आमचं लंडनचं ब्रिक्स्टन. इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू या बाजाराच्या रस्त्यावर १८८० च्या दशकातच विजेचे दिवे आले, नाव त्यावरूनच. इथे जमैकन लोक जास्त. मी जाते अळकुड्यांसाठी, पाटीवर 'एडो' लिहिलेलं असतं. खारवलेला कॉड बघून मालवण आठवतं, वास मात्र सुकटीपुढे अगदीच सोज्वळ. आणि 'कॅललू' नावाची जुडी मिळते ती चक्क आपला माठ. लसूण-मिरचीवर परतते.

*

कॅललू म्हणजे माठ? आमचे त्रिनिदादचे शेजारी तर अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध घालून शिजवतात. मला पहिल्यांदा वाटीभर दिलं तेव्हा वाटलं, लग्नाच्या पंगतीतलं फदफदं आलं! फक्त शेंगदाणे नाहीत आणि गूळ नाही.

*

दोघीही बरोबर. जमैकन कॅललू माठाचा, त्रिनिदादचा अळूचा. दुकानात मागताना पानं बघून घ्या.

*

धागाकर्ती: डबल्ससाठी काल पुन्हा गेले. 'स्लाइट'च म्हटलं, तरी नाक गळलं. येताना त्रिनिदादी 'कुरमा'चं पाकीट आणलं. मैद्याच्या तळलेल्या कांड्या, वर साखरेचा पाक. आई सध्या इथे आली आहे. तिने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "शंकरपाळ्या कुणाकडच्या गं? पाक पुढे गेलाय."