कुपवाडच्या पाळ्या कमी झाल्या : सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-२०३ :
सर्वांना नमस्कार. हा ग्रुप सोसायटीच्या कामकाजासाठी आहे याची जाणीव आहे, तरीही आज एक घरगुती अडचण इथे मांडतो. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील ज्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी अकरा वर्षे मेंटेनन्स विभागात काम करतो, तिथे कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) ऑर्डरी घटल्यामुळे गेल्या महिन्यापासून तीनऐवजी दोनच पाळ्या चालू आहेत, ओव्हरटाइम पूर्ण बंद झाला आहे, आणि पुढील सोमवारपासून आठवड्यात दोन दिवस ले-ऑफ, म्हणजे काम नसल्याने तात्पुरती कामबंदी, असल्याची सूचना फलकावर लागली आहे. घराचा हप्ता आणि दोन मुलांची शाळा याच पगारावर चालते. बँकेत चार लाखांची ठेव आहे. एका मित्राने चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घेण्याचे सुचवले असून, ठेव मोडून आणि सौभाग्यवतीचे थोडे सोने तारण ठेवून ते जमेल असे वाटते. अशा काळात चार पैसे जास्तीचे मिळवण्याचा याहून खात्रीचा मार्ग कोणाला माहीत असेल तर कृपया सांगावा.

ए-४०२ :
दादा, दुकानाच्या फंदात पडण्यापेक्षा शेअर बाजारात ऑप्शन, म्हणजे पुढे भाव चढेल की पडेल यावर थोडे पैसे लावण्याचे व्यवहार, शिकून घ्यावेत, असे मला वाटते. ले-ऑफच्या दोन दिवसांत घरी बसून करता येते आणि सुरुवातीला पन्नास हजारही पुरतात. माझ्या ऑफिसमधील दोघेजण करतात.

बी-१०४ :
दोघांनाही सविस्तर लिहितो, कारण बँकेच्या नोकरीत असताना असे निर्णय काउंटरच्या आतल्या बाजूने मी बरेच पाहिले आहेत.

ऑप्शनबाबत आधी सांगतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. आपला तरुण मित्र मनापासून सुचवतो आहे हे मला ठाऊक आहे. पण ज्याला येत्या पाच तारखेला हप्ता भरायचा आहे, त्याने या व्यवहारात उतरू नये.

आता मूळ प्रश्न. कमाईचे नवे मार्ग शोधण्याआधी जे हक्काचे आहे ते पदरात पाडून घ्यावे. ज्या कारखान्यात पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार आहेत आणि ज्याची सेवा सलग एक वर्ष झाली आहे, अशा कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र त्या दिवशी ठरलेल्या वेळी गेटवर जाऊन हजेरी नोंदवावी लागते. ‘काम नाही म्हणून मी गेलोच नाही’ असे म्हणणाऱ्याचा हक्क जातो. म्हणून जे काही जोडकाम कराल त्याची वेळ हजेरीनंतरची ठेवावी, आणि आपल्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाविषयी काय अट आहे ती एकदा नीट वाचावी.

चहाच्या दुकानाबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की ते आत्ता करू नये. फ्रँचायझीचे शुल्क, जागेचे डिपॉझिट, भाडे आणि कामाला ठेवलेल्या दोन पोरांचा पगार हा सगळा खर्च पहिला कप विकला जाण्याआधीच सुरू होतो, आणि तो महिन्याला ठरलेला असतो. विक्री मात्र ठरलेली नसते. शिवाय दुकान कुपवाडच्या रस्त्यावर पाहत असाल, तर ज्या कारणाने आपली पाळी बंद झाली त्याच कारणाने तिथला चहा पिणाराही कमी झाला आहे.

आता ठेवीबद्दल. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत तो मे महिन्यात ४ टक्क्यांवर आला. मंदीत व्याजदर उतरतात, ठेवीवरचे उत्पन्न कमी होते, आणि नेमक्या त्याच वेळी जास्त परतावा देऊ म्हणणारी माणसे दारात येतात. आपल्याच जिल्ह्यात इस्लामपुरातून २०१९ मध्ये उघडकीला आलेले कडकनाथ कोंबडीपालनाचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. पिल्ले आणि खाद्य कंपनी देणार, अंडी आणि कोंबड्या चढ्या भावाने कंपनीच परत घेणार, आणि पैसे मात्र शेतकऱ्याने आधी भरायचे, अशी त्याची रचना होती. काम देणाराच आधी पैसे मागत असेल, तर त्याच्याकडील काम बहुधा आपल्याकडून पैसे घेणे एवढेच असते.

म्हणून ठेव मोडू नये, आणि ती हलवायची झाल्यास कोठे हलवतो हे पाहावे. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी इथली पुष्कळ माणसे हा फरक विसरतात, याचे मला फार वाईट वाटते.

राहिला कमाईचा प्रश्न. माझ्या पाहण्यात अशा काळात तगून राहिलेली माणसे बहुतेक एकाच प्रकारची होती : माल दुसऱ्याचा आणि मजुरी आपली. माल ज्याचा, भाव पडण्याची जोखीम त्याची. आपण फक्त हात, डोके आणि वेळ विकायचा. आपल्या हातात अकरा वर्षांचे मेंटेनन्सचे कसब आहे आणि त्याला कोणत्याही फ्रँचायझीचे शुल्क लागत नाही. हत्यारांसाठी पैसे कमी पडलेच, तर मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. अर्ज भरायला मी मदत करीन.

बी-३०२ :
काकांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. मिरज औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे. सुरुवातीला मी कच्चा माल स्वतः घेऊन पार्ट बनवून देत असे. २०२० मध्ये एका मोठ्या ग्राहकाने तयार माल उचललाच नाही; तो पोलाद भंगाराच्या भावाने विकावा लागला आणि सावरायला दोन वर्षे लागली. तेव्हापासून मी केवळ जॉबवर्क करतो. कास्टिंग ग्राहकाचे, मशीन माझे, मजुरी नगावर. नफा कमी दिसतो, पण झोप लागते.

आपल्याकडे मोटर, पंप, पॅनेल, कॉम्प्रेसर या सगळ्याचे काम आहे, आणि त्याला या भागात मागणी कमी होण्याचे कारण दिसत नाही. कारखान्यांची मंदी आणि शेतीचे वेळापत्रक वेगवेगळे चालते. सध्या बेदाण्याचा हंगाम सुरू आहे. तासगाव आणि सांगलीच्या बाजूची शीतगृहे भरत आली आहेत. शीतगृहाचा कॉम्प्रेसर रात्री दोन वाजता बंद पडला तर मालक सकाळपर्यंत थांबू शकत नाही, आणि रात्री येणारा माणूस त्याला सहज मिळत नाही. गाळप संपल्यावर साखर कारखान्यांत दुरुस्ती-देखभालीचा काळ सुरू होतो आणि तो पावसाळ्यापर्यंत चालतो. त्यासाठी फिटर आणि इलेक्ट्रिशियन ठेकेदारांमार्फत घेतले जातात. नदीकाठच्या गावांतील पाण्याच्या मोटरी तर बाराही महिने जळतात. नवीन वायरिंग मात्र परवानाधारक ठेकेदारामार्फतच करावे. आपण दुरुस्ती आणि देखभाल एवढ्यावर राहावे.

दोन गोष्टी सुरुवातीपासून पाळाव्यात. पहिली, शीतगृहाशी फेरीमागे पैसे न ठरवता महिन्याचा देखभाल करार करावा, म्हणजे काही बिघडले नाही तरी रक्कम मिळते आणि बिघडू नये यात दोघांचेही हित राहते. दुसरी, उधारी. मंदीत काम मिळते, पैसे मिळत नाहीत. सरकारकडे लहान उद्योगाची उद्यम नोंदणी विनामूल्य होते, ती आधी करून घ्यावी. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा दाखवून भांडायला मी सांगत नाही. परंतु बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेबनीस ते बिल गठ्ठ्याच्या तळाशी ठेवत नाही, असा माझा अनुभव आहे. ओळखीच्या दोन शीतगृहचालकांशी मी उद्या बोलतो.

ए-४०२ :
काका, आकडेवारी मला माहीत नव्हती. माझी सूचना मी मागे घेतो. दादांचे दरपत्रक आणि बिलाचा नमुना मी आजच तयार करून देतो.

सी-३०१ :
भाऊजी, मी व्यापारातील फार जाणत नाही, पण घरातून सुरू केलेल्या कामाविषयी लिहिते, कारण ताईंनाही काही करावयाचे असल्यास ते उपयोगी पडेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा गणपती पेठेतील आमच्या दुकानात भरलेला सगळा माल पाण्यात गेला. ज्यांच्याकडून माल उचलला होता त्यांचे देणे मात्र वाहून गेले नाही. त्यानंतर दुकान पुन्हा भरण्याचे धाडस झाले नाही आणि मी मिरजेच्या रुग्णालयांत डबे देण्यास सुरुवात केली.

हे काम मंदीत कमी होत नाही, कारण आजारपण कोणाला पुढे ढकलता येत नाही. मिरजेत विजापूर, बागलकोट, बेळगाव या भागांतून रुग्ण येतात. सोबतच्या माणसाला हॉटेलचे जेवण दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी आठवते. मी पहिल्या आठवड्यात तीन डबे दिले होते. आज सकाळचे बावीस आणि संध्याकाळचे सतरा आहेत, आणि हे सगळे एका नातेवाइकाने दुसऱ्याला सांगून वाढले. रुग्णाचा डबा वेगळा असतो : मऊ भात, बिनतिखटाची डाळ, आणि मीठ-तेल डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे. त्यासाठी मी प्रत्येक खाटेचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावते, कारण तिथे चूक होऊन चालत नाही.

हिशेबाचे एवढेच सांगते की डब्याचे पैसे मी महिन्याने घेत नाही. रुग्णाला केव्हा घरी सोडतील हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तीन दिवसांचे आगाऊ घेते आणि आधी सोडले तर उरलेले त्याच दिवशी परत करते. पैसे परत केलेल्या घरांतूनच मला सर्वांत जास्त नवे डबे मिळाले आहेत. अन्न परवान्याची नोंदणी केलेली आहे, तिचा चौदा अंकी क्रमांक बिलावर असतो. ती केल्यावाचून कोणी सुरुवात करू नये. भाकऱ्या थापायला मला आता एकटीला वेळ पुरत नाही. ताईंची इच्छा असेल तर सकाळी सहा ते नऊ पीठ आणि गॅस माझा, मजुरी नगावर आणि रोजची रोज देईन.

ए-१०१ :
सुनबाईंना भाकरीचे काम जमले तर उत्तमच, पण हा चटणीचा, म्हणजे वर्षाचा तिखट मसाला करून ठेवण्याचा, महिना आहे, तोही वाया घालवू नये. पूर्वी प्रत्येक घरात वर्षाची चटणी होत असे; आता दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांत हौस आहे, पण मिरच्यांचे देठ काढायला माणूस नाही. मी गेल्या वर्षी चार घरांची चटणी करून दिली. मिरची, धणे, खोबरे, तीळ, लसूण सगळे त्यांनीच आणून द्यायचे. निवडणे, वाळवणे, भाजणे आणि कांडपावरून आणणे आपले, आणि मजुरी किलोवर. मिरचीचा भाव चढला काय आणि उतरला काय, आपल्याला त्याचे ओझे नाही. यंदा सात घरांनी विचारले आहे आणि माझे गुडघे आता साथ देत नाहीत. सुनबाई बरोबर असतील तर सातही घेऊ आणि मजुरी निम्मी-निम्मी करू.

सचिव :
चर्चा उपयुक्त आहे, म्हणून थांबवत नाही. सदनिकेतून व्यवसाय करण्यावर उपविधींची बंधने आहेत, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. मजुरीने केलेली अशी लहान कामे इतरांना त्रास न होता होत असतील, तर समितीची हरकत असणार नाही असे मला वाटते, परंतु तसा ठराव रविवारच्या सभेत लेखी करून घेऊ. सोसायटीच्या पाण्याच्या दोन मोटरींचे वार्षिक देखभालीचे काम सध्या बाहेर दिलेले आहे आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. ए-२०३ यांनी आपले दरपत्रक द्यावे. इतर दोन दरपत्रकांसोबत ते सभेत उघडले जाईल. ओळखीचे आहेत म्हणून काम दिले असे कोणी म्हणता कामा नये.

ए-२०३ :
आपण सर्वांनी जे लिहिले त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मित्राला फ्रँचायझी घेत नसल्याचे आत्ताच कळवले. ठेव आहे तशीच राहील. सोमवारी आठ वाजता गेटवर हजेरी लावून, बी-३०२ भाऊ सांगतील त्या शीतगृहात जाऊन येतो. नेमणूकपत्र शोधून काढले आहे, ते काकांना संध्याकाळी दाखवायला आणतो. सौभाग्यवती म्हणते की सकाळी भाकऱ्यांना ती उद्यापासूनच येईल, आणि दुपारी काकूंकडे. पहिल्या घराच्या मिरच्या केव्हा येणार आहेत?

ए-१०१ :
शनिवारी. संकेश्वरी आणि ब्याडगी दोन्ही आहेत, त्या वेगवेगळ्या वाळवायच्या. सचिवसाहेब, शनिवार-रविवार पश्चिमेकडची गच्ची मोकळी मिळावी, आणि त्या दोन दिवशी तिथे कोणी कपडे वाळत घालू नयेत.