नोकरी सोडलेल्याने ऑफिसवर लिहू नये म्हणे! (मॅक्स बॅरी)

माळ्यावरचा_माणूस:
परवा वाचनाच्या धाग्यावर बाकरवडी यांनी ठोकून दिलं की ऑफिसची टर उडवणारा कादंबरीकार मॅक्स बॅरी नोकरीत होता तोवरच धारदार होता, राजीनामा दिला आणि धार गेली, आता अंतराळयानांच्या गोष्टी लिहितो. दोन दिवस गप्प बसलो. आज रविवार आहे, भांडी घासून झालीत, म्हणून सविस्तर.

अहो, निदान सालं तरी बघा. हा मेलबर्नचा माणूस एचपीत मोठ्या कॉम्प्युटर सिस्टिम विकायचं नाटक करत लपूनछपून 'सिरप' लिहीत होता, हे तो स्वतःच परिचयात सांगतो. ते आलं १९९९ ला. 'जेनिफर गव्हर्नमेंट' २००३ ला, ज्यात माणसाचं आडनाव म्हणजे त्याच्या कंपनीचं नाव. आणि ज्या 'कंपनी'ची तुम्ही एवढी तारीफ करता ती २००६ ची, म्हणजे नोकरी सुटून जमाना झाल्यावरची! ती झेफिर होल्डिंग्ज आठवा ना. मजल्यांचे आकडे उलटे, सीईओ एक नंबरवर म्हणजे सगळ्यात वर. ट्रेनिंग विकणारं खातं आणि गिऱ्हाईक कोण, तर त्याच कंपनीतली दुसरी खाती. नवा पोरगा जोन्स विचारतो आपली कंपनी नक्की करते काय, तर कुणाला सांगता येत नाही. आणि या सगळ्यात एक डोनट कमी पडतो आणि त्यावरून खात्यात संशयाचा धूर. हे बोथट आहे?

बाकरवडी:
सालांवर तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. मुद्दा वेगळा होता. 'कंपनी'चा पहिला भाग झकास, कबूल. पण पुढे काय होतं (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी डोळे मिटा), गुप्त प्रोजेक्ट निघतो, कुणीतरी लपून सगळ्यांवर प्रयोग करतंय. ही बाहेर पडलेल्या माणसाची कल्पना आहे. मी सतरा वर्षं आत आहे, मला विचारा. वर कुणीही बसलेलं नाही हो! कुणी प्रयोग करत नाहीये. मागच्या वर्षी आमची टीम तीनदा री-ऑर्ग झाली आणि तिसऱ्यांदा आम्ही परत पहिल्या मॅनेजरकडे आलो, तोसुद्धा आम्हाला बघून दचकला. याच्यात कट कुठून शोधणार? रोज बायोमेट्रिकवर अंगठा लावणारा माणूस असा शेवट लिहिणार नाही.

हिंजवडी_फेज_तीन:
डोनटवरून आठवलं. आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी समोसे असायचे, माणशी एक. एकदा मी कॉल संपवून पाच मिनिटं उशिरा पँट्रीत गेलो तर ट्रेमध्ये फक्त चटणी. चटणीत एक कोपरा तुटून पडलेला होता समोशाचा, तोही कुणाच्या तरी बोटाने दाबलेला. त्याच आठवड्यात अप्रेझलमध्ये मला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' दिलं होतं, त्याचं एवढं वाईट नाही वाटलं. कुणीतरी दोन खाल्ले आणि एचआरने नेहमीप्रमाणे हात झटकले.

निवृत्त_लेखनिक:
तुम्हा लोकांना हा ऑस्ट्रेलियन कशाला लागतो? चिमणराव कारकून, 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी कारकून. मराठीत कचेरी होतीच की. मी चौतीस वर्षं सरकारी बँकेत काढली, आमच्या शाखेत पंख्याखालच्या खुर्चीवरून दोन माणसं अकरा वर्षं बोलत नव्हती. यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात दुसरा जेवून गेला, पाकीट देऊन गेला, पण बोलला नाही.

बाकरवडी:
काका, लिहा की मग हे! पण तुमचा चिमणराव आणि जोशी हे मुळात घरचे लोक, ऑफिस हे त्यांच्या आयुष्यात येऊन जाऊन. आमचं उलटं आहे, घरी येऊन जाऊन असतो. आयटीवर मराठीत असं खणखणीत का नाही येत सांगू? लोक घाबरतात. पुढच्या नोकरीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असतं.

माळ्यावरचा_माणूस:
म्हणजे तुम्हीच म्हणताय की आतला माणूस लिहू शकत नाही. मग बाहेर पडलेल्यानेच लिहायचं ना? आपल्याच शब्दांत अडकलात.

आणि त्या कटाबद्दल. मला तो खरा वाटला, कारण कँटीनमध्ये आपण रोज तेच करतो. 'वरून काहीतरी प्लॅन असणार', 'या री-ऑर्गमागे नक्की काहीतरी आहे'. काहीच नाहीये हे कुणाला सहन होत नाही. बॅरीने तो प्लॅन खरा करून दाखवला, एवढंच. नंतरही त्याने विषय सोडलेला नाही. 'मशीन मॅन' (२०११) आधी रोज एक पान असं नेटवर टाकलं होतं, त्यात इंजिनिअरचा पाय जातो आणि कंपनीला त्यात प्रॉडक्ट दिसतं. २०२० च्या 'प्रॉव्हिडन्स'मध्ये तुमचं ते अंतराळयान आहे, पण त्यातल्या चार जणांना लढाईइतकंच लोकांसाठी क्लिप बनवण्याचं काम आहे. हे मार्केटिंग नाही तर काय भजन आहे?

चिंचगुळाची_आमटी:
'हात झटकले' हे वाचलं आणि राहवलं नाही. मी एचआर. होय, तीच. समोसे मागवणारी मीच असायचे (तुमच्या कंपनीत नव्हे, पण सगळीकडे माझ्यासारखी एक असते). हेडकाउंट ४२. मी ४५ मागवायचे, तीन जास्त, कारण मला माहीत आहे मराठी माणूस किती समोसे खातो. तरी कमी पडायचे! आणि शिव्या कुणाला? खाणाऱ्याला नाही, मोजणाऱ्याला. प्रत्येक विनोदी पुस्तकात, मीममध्ये, एचआर म्हणजे राक्षसीण. एकदा आमच्या खुर्चीत बसून बघा.

हिंजवडी_फेज_तीन:
मॅडम, राक्षसीण मी म्हटलंच नाही, पण आता म्हणतो. ४२ माणसांना ४५ म्हणजे दोन खाणारे चौघं निघाले की खेळ खलास, हे गणित चौथीतलं आहे. ९० मागवा ना.

चिंचगुळाची_आमटी:
९० चं अप्रूव्हल तुमचे वडील देणार का?

निवृत्त_लेखनिक:
वडिलांवर जाऊ नका. आमच्या शाखेत भजी यायची, मोजून नाही, वजनावर. कधी भांडण झालं नाही. भांडण फक्त पंख्याचं.

बाकरवडी:
धागा कुठे चाललाय, हाहा. बरं, माळ्यावरचे साहेब, 'मशीन मॅन' मी वाचलं नव्हतं, तिथे बोललो ती चूक. मतावर मात्र ठाम आहे. आणि एक गोष्ट सांगतो जी तुमच्या बाजूने जाते, फुकट देतोय, घ्या. त्याने 'जेनिफर'च्या जाहिरातीसाठी २००२ मध्ये नेशनस्टेट्स नावाचा वेबगेम काढला होता, आपला देश बनवा, कायदे करा. मी कॉलेजात असताना त्यावर देश चालवलाय, सबमिशनच्या आदल्या रात्री करप्रणाली बदलत बसायचो. आमच्या हॉस्टेलवर पुस्तक कुणी वाचलं नव्हतं, गेम निम्म्यांना माहीत होता. मार्केटिंगची टर उडवणाऱ्या माणसाची जाहिरात मालापेक्षा जास्त चालली. याहून मोठा उपरोध त्याला कुठल्या कादंबरीत जमलेला नाही.

माळ्यावरचा_माणूस:
हे मीच लिहायला हवं होतं. चरफडत +१. आमटीताई, 'कंपनी' माझ्याकडे जादा प्रत आहे, पाठवतो, डोनट प्रकरण तुम्हाला फार जवळचं वाटेल. आणि हिंजवडी, माफी मागून टाका.

हिंजवडी_फेज_तीन:
राक्षसीण शब्द मागे. समोसा मागे नाही.

चिंचगुळाची_आमटी:
पाठवा पुस्तक. आणि ज्यांना वाटतं आम्ही हात झटकतो त्यांच्यासाठी: समोसा १८ रुपये, मंजुरी ४२ ची. वरच्या तीन समोशांचा क्लेम फायनान्सने 'हेडकाउंटशी जुळत नाही' म्हणून परत पाठवला. मी दोनदा टाकला. ते ५४ रुपये अजून आलेले नाहीत.