मदत हवी आहे: अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेत मेलेलं कनेक्शन जिवंत दिसतंय

मंडळी, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतले ठिबकचे कंट्रोलर सिमवरून आमच्या नाशिकच्या सर्व्हरला टीसीपीने जोडलेत. एका कनेक्शनला एक प्रोसेस (अर्लांगमधलं हलकं, स्वतंत्र चालणारं काम), सॉकेट 'अ‍ॅक्टिव्ह वन्स'वर (एका वेळी एकच मेसेज प्रोसेसकडे येतो, पुढचा पुन्हा मागावा लागतो). इथवर झकास.

लाइट गेली की कंट्रोलर गुपचूप मरतो (आणि लाइट जातेच!), पण प्रोसेसला कनेक्शन तुटल्याचा 'टीसीपी क्लोज्ड' मेसेज येतच नाही. लाइट आल्यावर तो नवं कनेक्शन करतो. जुनी प्रोसेस तशीच पडून. काल व्हॉल्व्ह बंद करायचा मेसेज जुनीकडे गेला, सेंडने 'ओके' दिलं, आणि बागेत पाणी चालूच! लिनक्सचं कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणं) मुळात ७२०० सेकंदांचं, त्याचा काय उपयोग?

प्रत्येक प्रोसेसमध्ये हार्टबीटचा (कंट्रोलरने ठरावीक वेळाने 'जिवंत आहे' कळवायचं, त्याचा) टायमर ठेवू, की त्याच कंट्रोलरचा आयडी पुन्हा आला की रजिस्ट्रीतूनच (कोणत्या आयडीची कोणती प्रोसेस, ही यादी) जुनीला मारू? कुणी दोन्ही केलंय का?