लेथच्या बॅक गिअरचे दोन दात तुटले: भरून घ्यावेत की नवे चाक करावे?

जुना_लेथ (इचलकरंजी)

आमच्या वर्कशॉपमध्ये वडिलांच्या काळातला, सपाट पट्ट्यावर चालणारा विलायती बनावटीचा सहा फुटी लेथ आहे आणि यंत्रमागाचे शाफ्ट व पुल्या आम्ही आजही त्यावरच करतो. गेल्या आठवड्यात आटे जाम होऊन चक (काम पकडणारा भाग) स्पिंडलवरून निघेना, म्हणून मदतनिसाने बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या दाती चाकाची) पिन न काढताच बॅक गिअर (वेग कमी करणारी दाती चाके) लावून स्पिंडल जखडला आणि चकात पहार धरून तिच्यावर घण घातला. चक जागचा हलला नाही. बॅक गिअरच्या मोठ्या चाकाचे शेजारशेजारचे दोन दात मात्र मुळापासून गेले. मी समोरच चहा पीत उभा होतो, त्यामुळे दोष एकट्या त्याचा नाही.

चाक बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असून त्याला 64 दात आहेत, बाहेरचा व्यास व्हर्निअरवर 209.5 मिमी आणि रुंदी 32 मिमी भरते. एक वेल्डर साध्या रॉडने दात भरून देतो म्हणतो. गिअर कापणाऱ्याने चाक नुसते हातात घेऊन ‘तीन मोड्यूल आहे, नवे करून देतो’ असे सांगितले (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे मिलिमीटरमधले माप). कोणाचे ऐकावे?

गॅसवाला

साधा रॉड बिडावर मुळीच लावू देऊ नका. बिडात कार्बन भरपूर असतो. वेल्डिंगलगतचा भाग झटकन थंड झाला की तो इतका टणक आणि ठिसूळ होतो की त्यावरून कानस नुसती घसरते, आणि पुढचा तडा नेमका त्या रेषेतच जातो. भरायचेच असेल, तर पितळी रॉडने गॅसवर ब्रेझिंग करून घ्यावे. त्याआधी बिडात मुरलेले तेल तापवून जाळून टाकावे आणि जागा ग्राइंडरऐवजी कानशीने उघडी करावी, कारण ग्राइंडरने बिडातले ग्रॅफाइट पृष्ठभागावर पसरते आणि मग पितळ नीट धरत नाही. संपूर्ण चाक आधी सावकाश तापवावे आणि काम झाल्यावर ते कोरड्या चुन्यात किंवा राखेत रात्रभर पुरून ठेवावे.

टूलरूम_निवृत्त

दुरुस्तीआधी मोजमापाचे पाहू, कारण खरा धोका तिथे आहे. बाहेरच्या व्यासाला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागावे: 209.5 भागिले 66 म्हणजे 3.174. हे तीन मोड्यूल नाही आणि सव्वातीनही नाही. 25.4 ला 3.174 ने भागले की बरोबर 8 येतात. म्हणजे आपले चाक 8 डीपीचे (व्यासाच्या दर इंचामागे 8 दात, हे इंची माप) आहे, आणि विलायती लेथमध्ये तसेच अपेक्षित आहे. तीन मोड्यूलमध्ये 64 दातांच्या चाकाचा बाहेरचा व्यास 198 मिमी होतो, त्यामुळे ते चाक त्याच अंतरावरच्या पिनिअनशी (जोडीच्या लहान चाकाशी) नीट जुळणार नाही. शिवाय जुन्या यंत्रांत दाताचा दाबकोन (दाताच्या बाजूचा कल) बहुधा साडेचौदा अंशांचा असतो, आजचे कटर मात्र सहसा वीस अंशांचे मिळतात. तेव्हा ऑर्डर देण्यापूर्वी तोही ताडून घ्यावा. 64 दातांसाठी डीपीचा 2 नंबरचा कटर लागतो. मोड्यूल कटरचे क्रमांक सहसा याच्या उलट असतात, हे कापणाऱ्याच्या लक्षात आणून द्यावे.

दोनच दात गेले असतील, तर मी नवे चाक करणार नाही. दोन दातांची जागा जेमतेम 20 मिमी आहे. दातांखालची कड पुरेशी जाड असेल, तर तिथे शेपर यंत्रावर डव्हटेल (आत रुंद, तोंडाशी अरुंद) खाच काढावी, तीत घट्ट बसणारा तुकडा ठोकावा आणि दोन्ही बाजूंनी सांध्याच्या रेषेवर ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू बसवावेत. तुकडा बिडाचाच घ्यावा. पोलादाचा घेतला, तर सांध्यावर भोक पाडताना ड्रिल मऊ बाजूला सरकते. शाबूत दातांवरून पत्र्याचा गेज कापून त्याप्रमाणे नवे दात कानशीने घडवावेत.

फिटर_७२

गॅसवाल्यांचा सल्ला इतर बिडाच्या कामांसाठी योग्य आहे, पण इथे मी टूलरूमच्या बाजूचा आहे. चाक लाल होईपर्यंत तापवले की बोअर अंडाकार होण्याची भीती असते, आणि तो पुन्हा चोख करायला लेथच लागतो. आपला लेथ तर उघडून पडला आहे.

चक काढण्यासाठी मागच्या गाइडवर लाकडी ठोकळा ठेवावा, चकाचा एक जबडा त्यावर टेकू द्यावा आणि पट्टा हाताने ओढून स्पिंडलला उलटा झटका द्यावा. बॅक गिअर तेव्हा सुटाच असावा.

जुना_लेथ (इचलकरंजी)

सर्वांचे आभार. 8 डीपीचा हिशेब मी पिनिअनवरही करून पाहिला आणि तोच आकडा आला. दातांखालची कड 14 मिमी भरली, म्हणून डव्हटेलचाच मार्ग धरला. बिडाचा तुकडा भंगारातल्या एका जुन्या पुलीतून कापला. दोन दात घडवायला कानशीवर अख्खा दिवस गेला. दात कुठे टेकतात ते पाहायला निळा रंग लावून पिनिअन फिरवल्यावर पहिल्या दाताच्या वरच्या कोपऱ्यातच डाग उमटला. तेवढे खरवडल्यावर डाग दाताच्या मधोमध आला. चक मात्र त्याआधीच, ठोकळ्यावरच्या तिसऱ्या झटक्याला निघाला होता.